गोळी कुणावर झाडली, हे आधी विचारू नका

२७ ऑक्टोबर २००८. दिवाळीच्या तोंडावरची सकाळ. अंधेरीहून कुर्ल्याकडं निघालेल्या बेस्टच्या ३३२ नंबरच्या बसमध्ये पाटण्याहून नुकताच मुंबईत आलेला राहुल राज नावाचा तरुण गावठी पिस्तूल काढून उभा राहिला. त्याला पोलीस आयुक्तांशी बोलायचं होतं. राज ठाकरेंना मारायला आलोय, असंही तो ओरडत होता. बसमधला एक प्रवासी गोळीनं जखमी झाला. पोलिसांनी बसला वेढा घातला आणि थोड्याच वेळात गोळ्या झाडून त्याला ठार केलं.

त्याआधी आठ दिवस, १९ ऑक्टोबरला, रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना केंद्रांवर जाऊन मारहाण झाली होती. राहुल राज मेला त्याच आठवड्यात लोकलच्या डब्यात उत्तर प्रदेशातल्या एका मजुराला इतकं मारलं की तो जिवंत घरी पोचला नाही. मुंबईतल्या उत्तर भारतीयांच्या वस्त्यांमध्ये, धारावीपासून नालासोपाऱ्यापर्यंत, ते दिवस कसे गेले असतील याचा अंदाज आपल्याला करता येतो. ९२-९३ पाहिलेल्या घरांना तर जास्तच.

पोलिसांची बाजू पोकळ होती असं म्हणता येणार नाही. माणसाच्या हातात पिस्तूल होतं, बसमध्ये लोक होते. पण बिहारमधून जे प्रश्न आले तेही वेडेवाकडे नव्हते. त्याला जिवंत पकडता आलं नसतं का? बोलायचंय म्हणणाऱ्या माणसाशी बोलायला कुणी पुढं झालं का? प्रवासी उतरवायला वेळ मिळाला होता का? पायावर गोळी का नाही? गोळी झाडण्याचा हुकूम कुणाचा? एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे नितीश कुमार, लालूप्रसाद यादव आणि रामविलास पासवान या प्रश्नावर एका सुरात बोलले. महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी गोळीला गोळीनंच उत्तर मिळेल, अशा आशयाचं उत्तर दिलं. महाराष्ट्रात ते बहुतेकांना आवडलं. खरं सांगायचं तर ते प्रश्नांना उत्तरच नव्हतं. हुकूम कुणाचा या प्रश्नाचं उत्तर एखाद्या अधिकाऱ्याचं नाव असतं, बाणेदार वाक्य नसतं.

मग महिन्याभरात २६ नोव्हेंबर उजाडला. त्यानंतर कुर्ल्याच्या बसबद्दल विचारायची कुणाची छाती होती? आबांना स्वतःला आठवड्याभरात राजीनामा द्यावा लागला, तो वेगळ्याच एका वाक्यामुळं. राहुल राजचे प्रश्न तिथंच राहिले.

आता गंमत पाहा. त्याच महिन्यांत लंडनमध्ये अशाच एका गोळीबाराचे प्रश्न एकेक करून सोडवले जात होते. ज्याँ शार्ल द मेनेझेस हा ब्राझीलहून आलेला इलेक्ट्रिशियन. २२ जुलै २००५ ला स्टॉकवेल स्थानकात, आत्मघाती हल्लेखोर समजून, पोलिसांनी त्याला भुयारी रेल्वेच्या डब्यात डोक्यात गोळ्या घालून मारलं. सुरुवातीला बातम्या आल्या की त्यानं उन्हाळ्यात जाड कोट घातला होता, तिकिटाच्या फाटकावरून उडी मारली होती, तो पोलिसांपासून पळत होता. एकही गोष्ट खरी निघाली नाही. घरचे ब्राझीलमध्ये, शेतकरी माणसं. लंडनमध्ये होते ते नात्यातले काही तरुण, तेही कामासाठी आलेले. त्यांनी पिच्छा सोडला नाही. २००८ च्या सप्टेंबरात मृत्यूची जाहीर चौकशी सुरू झाली, साध्या नागरिकांच्या ज्यूरीसमोर. डिसेंबरमध्ये त्या ज्यूरीपुढं प्रश्नांची यादी ठेवली गेली, उत्तर हो, नाही किंवा ठरवता येत नाही. गोळी झाडण्याआधी अधिकाऱ्यानं ‘सशस्त्र पोलीस’ असा इशारा दिला का? नाही. मेनेझेस त्या अधिकाऱ्याच्या दिशेनं पुढं आला का? नाही. पोलीस शपथेवर हो म्हणत होते, ज्यूरीनं ते मानलं नाही.

म्हणून लंडनला न्याय मिळाला असं समजू नका. एकाही अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला चालला नाही. पोलीस दलाला २००७ मध्ये दंड झाला तो कामाच्या जागची सुरक्षितता पाळण्याच्या कायद्याखाली. कारखान्यात मशिनला जाळी नसली तर ज्या कायद्यानं दंड होतो, त्याखाली. तरी पण काय घडलं याचं एक अधिकृत उत्तर आज कागदावर आहे आणि ते पोलिसांनी लिहिलेलं नाही. एका परक्या मजुराच्या नातेवाइकांनी हे मिळवलं. कुर्ल्याच्या बसबद्दल तसा कागद आपल्यातल्या कुणी मागितला?

आपल्यातल्या, म्हणजे मुस्लिमांपैकी. हा प्रश्न मुद्दाम विचारतोय. कारण अशा कागदासाठी आपण किती वर्षं दारं ठोठावली, ते आपल्याला पाठ आहे.

९ जानेवारी १९९३. मोहम्मद अली रोडवरची सुलेमान उस्मान बेकरी. शेजारी मदरसा, लागून मशीद. बेकरीत भट्टीवर राबणारे कामगार, मदरशात शिकणारे आणि शिकवणारे. यातले अनेक जण उत्तर प्रदेशातून आलेले, मुंबईत ना घर ना दार, जिथं काम तिथंच झोपणं. सहपोलीस आयुक्त रामदेव त्यागी यांच्या नेतृत्वाखाली पोलिसांची तुकडी आत शिरली. गच्चीवरून स्वयंचलित शस्त्रांनी गोळीबार होत होता, आत दहशतवादी होते, असं पोलिसांचं म्हणणं. नऊ माणसं मेली, कितीतरी जणांना अटक झाली. तसली शस्त्रं मात्र सापडली नाहीत. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगानं पोलिसांची ही कहाणी विश्वासार्ह नसल्याचं स्पष्ट लिहिलं.

त्या आयोगाचा अहवाल आमच्या तरुण वाचकांनी एकदा तरी स्वतः वाचावा, दुसऱ्याच्या भाषणातून ऐकू नये. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मिळून ९०० मृत. त्यात ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही, ५ इतर. लोक नेहमी हेच आकडे सांगतात. त्याच्या जवळच दुसरी यादी आहे, मृत्यू कशानं झाला याची. भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या हल्ल्यात ८०. आणि पोलिसांच्या गोळीबारात ३५६. दंगलीत सगळ्यात जास्त माणसं चाकूनं नाही, आगीनं नाही, सरकारी गोळीनं मेली. त्यातली काही गोळी दंगलखोर जमाव रोखण्यासाठी, कायद्यात बसणारी असेलही. पण कुठली बसणारी आणि कुठली नाही, हे एकेका गोळीमागं जाऊन तपासावं लागतं. ३५६ वेळा.

बेकरीचं पुढं काय झालं? अहवाल १९९८ मध्ये सरकारकडं गेला. मधल्या काळात, ९६ मध्ये, युती सरकारनं आयोग गुंडाळला होता, नंतर पुन्हा चालू करावा लागला. त्याच काळात त्यागी मुंबईचे पोलीस आयुक्त होऊन गेले. गुन्हा नोंदला गेला २००१ मध्ये, त्यागी आणि आणखी सतरा पोलिसांवर. २००३ मध्ये सत्र न्यायालयानं त्यागींसह नऊ जणांना खटला सुरू होण्याआधीच आरोपमुक्त केलं. सरकारनं वरच्या न्यायालयात जायला हवं होतं, ते गेलं नाही. गेला तो मदरशातला एक शिक्षक, स्वतः त्या दिवशी तिथं असलेला. २००९ मध्ये उच्च न्यायालयानं आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपमुक्ती कायम ठेवली. न्यायालयाचा निकाल आहे, तो मान्य करायचा. पण साक्षी-पुरावा तपासून निर्दोष ठरणं वेगळं आणि खटलाच न चालणं वेगळं, एवढं तरी नोंदवून ठेवायचं.

ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. धुळ्याची तर असणारच. ६ जानेवारी २०१३ ला पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले, ते तुमच्याच वयाचे होते. राहुल राजचं नाव मात्र किती जणांना आठवलं? आणि पाटण्यात राहुल राज आठवणाऱ्यांपैकी सुलेमान बेकरी किती जणांना माहीत असेल? तिथले कामगारही पूरबियाच होते. ज्यानं त्यानं आपापले मृत मोजायचे, दुसऱ्याचा मेला की ‘काहीतरी केलं असणार’ म्हणायचं. अशी वाटणी झालेली असली की गोळी झाडणाऱ्याला कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

हे नेसरीत बसून का लिहायचं, असं कुणी विचारेल. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तीन तालुक्यांनी मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यानपिढ्या माणसं पुरवली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि लालबाग-परळच्या खोल्यांमधून कितीतरी माणसं ट्रंका घेऊन परत इकडं आली, त्यांची घरं आजही गिरणी कामगारांच्या घरकुलांच्या याद्यांमध्ये आपलं नाव शोधतायत. परक्या शहरात भाड्याची गाद्या-वळकटी टाकून राहणं काय असतं, हे आपल्या आजोबांना विचारा. ‘भय्या’ हा शब्द तोंडात येण्याआधी ‘घाटी’ हा शब्द आठवा. मुंबईत तो कुणासाठी वापरला जायचा, हे ते सांगतील.

शिवाय आपण सीमेवरचे. निपाणी इथून फार लांब नाही. एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर तिथं कर्नाटक पोलिसांनी गोळ्या झाडल्या, बारा जण गेले. १ जून १९८६ ला बेळगाव भागात कन्नडसक्तीच्या विरोधातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, नऊ जण गेले. हिंडलग्याला त्यांचं हुतात्मा स्मारक आहे, दर १ जूनला लोक तिथं जमतात. स्वतःच्याच गावात राहूनही दुसऱ्या भाषेचं सरकार आलं म्हणून परके ठरलेले ते मराठी लोक होते. गोळीबारानंतर त्यांचे प्रश्न काय होते? इशारा दिला होता का? हुकूम कुणाचा? कमरेच्या वर का मारलं? अगदी तेच, जे पाटण्याहून आले, जे मोहम्मद अली रोडवरून आले. मुंबईच्या हुतात्मा चौकात ज्यांची आठवण जपलीय, ते संयुक्त महाराष्ट्रासाठीचे शंभराहून अधिक लोकही बहुतांशी पोलिसांच्या गोळीलाच बळी पडले. तेव्हा महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. गोळीबारानंतर सरकारला जाब विचारणं यात देशद्रोह नसतो, हे मराठी माणूस स्वतःच्या अनुभवातून शिकलाय. ते फक्त सगळ्यांना लागू करायचं राहिलंय.

(नेसरीचं नाव राज्यात माहीत आहे ते प्रतापराव गुजरांमुळं. २४ फेब्रुवारी १६७४ ला बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेलेल्या सातांची जी यादी लोकांच्या तोंडी आहे, तीत सिद्दी हिलाल हे नाव आहे. या यादीबद्दल इतिहासकारांमध्ये वाद आहे, तो त्यांनी मिटवावा. आमचं म्हणणं एवढंच, की आफ्रिकेतून इकडं आलेल्यांच्या वंशातलं एक नाव त्या यादीत लोकांना कधी खटकलं नाही.)

आता कायद्याकडं वळू, कारण रागानं जे होत नाही ते कधीकधी कागदानं होतं. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींमध्ये सुमारे १३५ माणसं मारली गेली. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ही संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली. लोक तेव्हा चकमकफेम अधिकाऱ्यांवर सिनेमे काढण्याच्या मनःस्थितीत होते, अशा वेळी मेलेल्या गुंडांच्या बाजूनं उभं राहायला निराळी हिंमत लागते. निकाल यायला २०१४ उजाडलं. २३ सप्टेंबर २०१४ ला सरन्यायाधीश आर. एम. लोढा आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी १६ निर्देश दिले. पोलिसांच्या गोळीनं माणूस मेला की गुन्हा नोंदलाच पाहिजे. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा, ज्यांनी गोळी झाडली त्यांनी नाही. दंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची. मृताच्या जवळच्या नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. शस्त्रं तपासणीसाठी जमा करायची. घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्य पदक द्यायचं नाही. हे पाळलं जात नसेल तर घरच्यांना सत्र न्यायाधीशांकडं तक्रार करता येते. मृत निरपराध असेल तरच, अशी अट त्यात कुठंही नाही.

त्या निकालाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूर शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी अक्षय शिंदे पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या ताब्यात असताना, गोळी लागून मेला. पोलीस म्हणाले, त्यानं आमचं पिस्तूल हिसकावलं. बदलापुरात पेढे वाटले गेले, मुंबईत अभिनंदनाचे फलक लागले. दफन करायला जागा देईना कुणी. सहा दिवसांनी उल्हासनगरमध्ये त्याला मूठमाती मिळाली. आणि आपल्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर काय चाललं होतं? तेच. ‘छान झालं’, अंगठे, टाळ्या. आरोप इतका किळसवाणा होता की तसं वाटणं माणसाला साहजिक आहे, आम्हाला ते कळतं. पण त्या मुलींच्या आईवडिलांनाही न्यायालयात सिद्ध झालेला गुन्हा आणि शिक्षा मिळायला हवी होती, ती त्या गोळीनं कायमची हुकली. शाळेत आणखी कुणाची काय जबाबदारी होती, हे आरोपीच्या तोंडून उलटतपासणीत बाहेर आलं असतं, तेही गेलं.

जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचं आलं. नंतर आईवडील न्यायालयाला म्हणाले, आम्हाला हे प्रकरण आता पुढं न्यायचं नाही. थकलेली, गरीब माणसं. तरीही मुंबई उच्च न्यायालयानं प्रकरण सोडलं नाही. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि नीला गोखले यांनी एप्रिलमध्ये गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपासाचा आदेश दिला. आपल्यातले जे त्या दिवशी टाळ्या वाजवत होते, त्यांनी या आदेशाचं काय केलं? उद्या धुळ्यासाठी, बेकरीसाठी उभं राहायचं असेल तर ज्या नियमावर उभं राहायचं, तो नियम अक्षय शिंदेच्या वेळी टिकला की नाही यावरच सगळं अवलंबून आहे. माणूस आवडता असेल तेव्हाच लागू होणारा कायदा आपल्या मुलांच्या कधीच कामी येणार नाही, कारण आपली मुलं फार लोकांची आवडती नाहीत. १४ जुलै २०२४ ला गजापुरात जमावानं मुस्लिमांची घरं फोडली, तेव्हा पोलिसांनी जमाव का रोखला नाही हे आपण विचारत होतो. पोलीस हात बांधून उभे राहतात तेव्हाही प्रश्न, हात सैल सोडतात तेव्हाही प्रश्न. दोन्हीकडं नियम तोच मागायचा.

लखनभय्याच्या प्रकरणातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. रामनारायण गुप्ता हे त्याचं खरं नाव, उत्तर भारतीय, गुन्हेगारी पार्श्वभूमीचा. ११ नोव्हेंबर २००६ ला त्याला नवी मुंबईतून उचललं आणि त्याच दिवशी वर्सोव्यात चकमकीत मारल्याचं जाहीर झालं. त्याचा भाऊ वकील. भाऊ उचलला गेल्याचं कळताच त्यानं वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा केल्या. तारेवर वेळ असते. चकमकीच्या आधीची ती वेळ पुढं खटल्यात फार कामाला आली. २०१३ मध्ये पोलिसांना जन्मठेप झाली, १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयानं प्रदीप शर्मांची सुटका रद्द करून त्यांनाही जन्मठेप दिली. त्याविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सतरा वर्षांहून अधिक काळ लागला. पण सुरुवात झाली ती त्या तारांपासून.

आज तार नाही, ई-मेल आहे. आपल्या भागात आज ज्यांच्यासाठी असा ई-मेल करायला कुणी नाही, असे लोक कोण? बांधकामावर, वीटभट्टीवर, बेकरीत, हॉटेलात काम करणारे उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, बंगालचे तरुण. त्यांच्यात हिंदूही आहेत, मुस्लिमही. बंगाली बोलणाऱ्यावर तर ‘बांगलादेशी’ असा शिक्का बसायला आता वेळ लागत नाही. २०२५ मध्ये मुंबईतून उचलून सीमेपलीकडं ढकललेले काही मजूर भारताचेच नागरिक निघाले आणि त्यांना परत आणावं लागलं. जुम्म्याला आपल्या मशिदीत मागच्या सफेत उभ्या राहणाऱ्या त्या पोरांची नावं, त्यांच्या घरचा फोन नंबर आपल्या जमातीकडं आहे का? जे देवळात जातात किंवा कुठंच जात नाहीत, त्यांचा? उद्या त्यांच्यातल्या एकाला पोलिसांनी नेलं तर कुठल्या ठाण्यात, किती वाजता, कुणी नेलं, हे लिहून जिल्हा पोलीस अधीक्षक, राज्य मानवी हक्क आयोग आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण यांना तासाभरात कळवणारी दोन पोरं गावात हवीत. एक आपल्यातला असेल तर दुसरा दुसऱ्या समाजातला असावा, म्हणजे प्रश्न एका समाजाचा राहत नाही.

२०१४ च्या निकालातले ते सोळाही निर्देश पुढच्या अंकात आम्ही दोन्ही भाषांत, सोप्या शब्दांत देतोय. पानं काढून मशिदीच्या, तालमीच्या, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कुणी विचारलं की हे कुणासाठी, तर आधी राहुल राजचं नाव सांगा, मग बेकरीचं.